शैलाच्या आईस

"शैलाची अम्मा कां आली न्हाई? चिठ्ठी तर मी तिला धाडली होती," वसंता टीचर म्हणाल्या.

रविकांत बोत्रे वर्गाच्या दारातच थांबला. समोर चाळीस मुली बसल्या होत्या. तिसऱ्या बाकावर शैला होती. बापाला पाहिल्याबरोबर तिचा चेहरा पांढराफटक पडला.

ती चिठ्ठी रविकांतच्याच खिशात होती. टीचर तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी जुनी, पोथीतल्यासारखी, आणि अक्षर मोत्यासारखं. 'शैलाच्या आईस नमस्कार. आपण केलेले बटवे फार सुरेख आहेत. शुक्रवारी दुपारी येऊन मुलींना ते टाके शिकवाल काय?' सोमवारची ती चिठ्ठी काल त्याला शैलाच्या कंपासपेटीत सापडली होती. चार घड्या घालून तळाशी दडपलेली.

बटवे रविकांतनं केले होते. नवरात्रात इकडे तमिळ मुलखात घरोघरी बाहुल्या मांडतात आणि मुलींना हळदीकुंकवाला बोलावतात. शैलाला नऊ मैत्रिणींची बोलावणी आली. रिकाम्या हातानं कसं जायचं? रविकांत सैन्याचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिंपी होता. दिवसभर खाकी कापड आणि सरळ शिलाई. त्यामुळे हे काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं. कुंकवाची डबी मावेल एवढे नऊ बटवे. संध्याकाळी शैला शेजारी बसून प्रत्येकीचं तमिळ अक्षर पेन्सिलीनं काढून द्यायची. त्याला ते वाचता येत नसे. तो त्यावरून साखळी टाका घालायचा आणि ती सांगेल ते फूल भरायचा. "त्रिपुरसुंदरीला निळं, बाबा. तुळसीला मोगरा. ती रोज माळते." खडकीहून बदली होऊन आल्यापासून लेक इतकी बोलली नव्हती.

आणि तिनं शाळेत सांगितलं होतं, आईनं केले!

कालपासून हेच त्याला सलत होतं. शेजारचा कारकून एकदा हसून म्हणाला होता, "बोत्रे, गडी माणूस तुम्ही, आणि फुलं कसली भरता?" तेव्हा शैला तिथंच उभी होती. तिलाही लाज वाटली असणार. बाप शिंपी आहे, याची लाज. मग त्यानं ठरवलं. लेकीला रागवायचं नाही, पण खरं काय ते चारचौघांत सांगायचं. कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो आला होता.

"बटवे मी केलेत, बाई," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "शैलाला आई नाही. दोन वर्षं झाली वारून."

टीचर मुलींकडे वळून तमिळमध्ये काहीतरी हलक्या आवाजात बोलल्या. त्यातला 'अम्मा' एवढा एकच शब्द त्याला कळला. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "अय्यो, पावम!" पावम म्हणजे बिचारी, हे कारखान्यात राहून त्याला ठाऊक झालं होतं. शैलानं डोकं बाकावर टेकलं.

तासभर तो शिकवत होता. सुई कशी धरायची, दोरा किती ओढायचा, पाकळीचा टाका कुठं दाबायचा. मुली त्याच्याभोवती गोळा झाल्या. कोणीच हसलं नाही. जाताना टीचरनी हात जोडले. "तुमच्या हातांत बहुत कला आहे," त्या म्हणाल्या. रविकांतचं मन हलकं झालं.

घरी जाताना शैला दोन पावलं मागून चालत होती. रेल्वेच्या फाटकाशी गाडीसाठी थांबावं लागलं.

"बघितलंस? सगळ्यांना आवडलं," तो म्हणाला. "बाप शिवतो, यात लाज कसली, पोरी?"

"मला लाज नव्हती वाटत."

"मग आईनं केले म्हणून का सांगितलंस?"

गाडी धडधडत आली आणि गेली. फाटक उघडलं, सायकली पुढं निघाल्या. ती जागची हलली नाही.

"खडकीत सगळ्यांना ठाऊक होतं, बाबा. शेजारच्या काकू मला बघितलं की डोळे पुसायच्या. इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी तुळसीनं विचारलं, वेणी अम्मानं घातली? मी हो म्हणाले. मग रोजच सांगायला लागले. आज आईनं डब्यात थालीपीठ दिलं. आज आई रागावली. आज आईला बरं नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत बरी झाली. इथं ती होती, बाबा."

रविकांतची बायको कुमुदिनी या गावात सात महिने राहत होती, आणि त्याला पत्ताच नव्हता. आज दुपारी वर्गात उभं राहून त्यानं आपल्याच तोंडानं तिला तिथून घालवलं होतं.

रस्त्याकडेला मैलाचा दगड होता. तो त्याच्यावर बसला. शैलाचा हात धरून त्यानं तिला जवळ घेतलं. मग त्यानं हळूच विचारलं,

"आज सकाळी काय म्हणाली गं आई?"