सी अम्मारांकडे आलेला पाहुणा

सी अम्मारांनी सलाईनची नळी ओढून काढली आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर मूठ आपटली.

"ही बोट पाण्यात सोडू नका. तळाला भेग आहे."

नौफलने बापाचा हात घट्ट धरला. कालच खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. सफाक्सच्या अख्ख्या बंदराला दरडावणारा हा म्हातारा आज भिंतीवर नसलेल्या मुंग्या झटकत होता.

"बाबा, मी नौफल."

"कोण नौफल? लाकूड आणलंय का?"

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "घाबरू नका. ऑपरेशननंतर या वयात पुष्कळांना असा भ्रम होतो. जागा अनोळखी, झोप मोडलेली, वर दुखणं. घरून चष्मा आणा, शेजारी बसून बोलत राहा. बहुतेकांचा हळूहळू उतरतो."

नौफल रोज दुपारी दुकान बंद करून येऊ लागला. बोलायचं काय, हा मात्र प्रश्नच होता. अम्मार नावाजलेले बोटी बांधणारे; बंदरावर सगळे त्यांना मानाने 'सी' म्हणत. एकुलत्या एका मुलाने हातात रंधा धरावा, एवढीच त्यांची इच्छा. नौफलने मिठाईचं दुकान थाटलं. "बाप लाकडाला आकार देतो, पोरगा पिठाला," असं ते चारचौघांत म्हणत. त्या दुकानाची पायरी त्यांनी कधी चढली नाही.

काही दिवसांनी आरडाओरडा थांबला. त्या दुपारी म्हातारा खिडकीशेजारच्या पलंगावर चष्मा लावून उशीला टेकून बसला होता. नौफल आत येताच म्हाताऱ्याने त्याला नीट न्याहाळलं.

"या, बसा. कुणाकडे आलात?"

नौफल स्टुलावर टेकला. "तुमच्याकडेच. सहज."

"बरं केलंत. तुमच्याएवढाच मुलगा आहे मला. मिठाईवाला."

आता पिठाचा टोमणा येणार, हे नौफल जाणून होता.

"त्याच्याकडचा बकलावा खाल्लाय कधी? थरावर थर असे बसवतो, की माझ्या बोटींच्या फळ्या झक मारतात. मी शेजाऱ्याकरवी चोरून मागवतो."

"हे त्याला सांगितलंत का?"

"तोंडावर? डोक्यावर चढून बसेल." म्हातारा हसला. मग आपल्या घट्टे पडलेल्या हातांकडे बघत हळूच म्हणाला, "मी अडवलं होतं त्याला. त्याने ऐकलं नाही, तेच बरं झालं. माझ्यासमोर ताठ उभं राहायला छाती लागते हो. बंदरावर एकाचीही टाप नव्हती. माझ्या पोराची होती."

नौफलला पुढचं नीट दिसेना. हा भ्रम आणखी थोडे दिवस राहिला तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

निघताना दाराबाहेर वसीला नावाची नर्स भेटली.

"बाबांनी मला ओळखलं नाही," तो म्हणाला. डोळे ओले होते, पण मान ताठ होती. "भ्रम उतरायला अजून किती दिवस लागतील?"

नर्स बघतच राहिली. "अहो, तो तर काल रात्रीच उतरला. मघाशी तुम्ही फाटकातून आत येत होतात, तेव्हा खिडकीतून सगळ्या वॉर्डाला दाखवत होते, 'तो बघा, तो उंच, तो माझा नौफल.'"