तान्ह्याची खूण

‘पुरुष’ झाला. गळ्यावरून तळहाताची धार ओढून तिने त्याला मारलं. ‘बाई’ झाली. तिलाही मारलं.

रविवारच्या प्रार्थनेत पाळकसाहेब बायबलच्या जुन्या करारातून वाचत होते आणि दुभाषी ते हातांनी सांगत होती. तिच्यासमोरच्या बाकावर सहा बहिरी माणसं. मागे दीडशे ऐकणारी, त्यातली निम्मी पेंगत होती. कानांना सवय झाली की तलवारही बोथट होते.

सकाळी तिने विचारलं होतं, “आज हेच हवं का?”

“वाचनांचा क्रम ठरलेला असतो, ताई. मी निवडत नाही.” पाळकांचे डोळे तारवटलेले. “मूळ हिब्रू काढून बसलो होतो. म्हटलं, एखादा मऊ शब्द सापडतोय का. तिथेही मारलंच आहे. राजाला देवाचा हुकूम होता, शत्रूचं कुणी शिल्लक ठेवायचं नाही. त्याने ठेवलं, आणि राज्य गेलं.”

“मग यातून आज घ्यायचं काय?”

“आज्ञापालन.” त्यांनी चष्मा पुसला. “दुसरं काय सांगू?”

आज्ञा तिलाही होती. बहिऱ्यांच्या बाकाच्या टोकाला, त्या सहांतलेच एक, तपासनीस बसत. छापखान्यात चाळीस वर्षं घालवलेले, काठी टेकत येणारे. तिची एकेक खूण तपासायचे म्हणून हे नाव. एकदा तिने काही वाईटसाईट गाळलं, तर त्यांनी फाटकात गाठून तिला हातांनीच झापलं होतं: काय घ्यायचं ते आम्ही ठरवू. पुन्हा गाळलंस तर दुसरी दुभाषी बघू.

खरंच होतं त्यांचं. आपलं घालायचं नाही, त्यांचं गाळायचं नाही. आठवडाभर कोर्टात, दवाखान्यात तिने तेच केलं होतं. खांदे भरून आले होते.

मुलं.

तिने कमरेएवढी उंची दाखवली. मारलं.

तान्ही बाळं.

तिने दोन हातांचा पाळणा केला. एकदा हलवायचा आणि पुढे जायचं, खूण एवढीच. पण मारायला एक हात मोकळा करावा लागतो. हात काढला की बाळ पडतं.

इतक्या वर्षांत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

पाळक बैलांवर गेले, मेंढरांवर गेले. उंट झाले, गाढवं झाली. तिचे हात तिथेच. पाळकांची नजर तिच्याकडे गेली आणि ते थांबले. आवाज थांबला तसे पेंगणारे जागे झाले.

तपासनीस उठले. संपलं, तिला वाटलं. आता सगळ्यांदेखत काढून टाकणार.

त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. धीमी पावलं टाकत ते तिच्यापर्यंत आले. दोन्ही हात पुढे केले.

दे.

तिने दिलं. मान सांभाळून.

उरलेली प्रार्थना पाळकांनी कशीबशी उरकली. मग नेहमीसारखे ते दारात हात मिळवायला उभे राहिले. बहिऱ्यांशी ते कायम ओरडून बोलायचे; तेवीस वर्षांत एक खूण शिकले नव्हते.

तपासनीस दाराशी आले. काठी आतच राहिलेली. दोन्ही हात तसेच पाळण्यात गुंतलेले.

पाळकांनी पुढे केलेला हात तसाच राहिला. मग तो खाली वळवून त्यांनी बोटाने पायरी दाखवली. आणि मागे लोकांचा गलका वाढत होता, तिकडे वळून त्यांनी तेच बोट ओठांवर ठेवलं.