नारळी पुनवेचं ताट

शिवदासने नारळीभाताचं ताट हाताने मागे सारलं आणि कमळचा हात तसाच हवेत राहिला.

"नको मला, बाय," तो म्हणाला.

कमळ त्याची थोरली बहीण. तीस वर्षांपूर्वी शिवदास ख्रिस्ती झाला, तेव्हा अख्ख्या कोळीवाड्याने नाकं मुरडली होती. हिने नाही. "देव बदललास, भैण तर तीच हाय ना?" म्हणाली. तेव्हापासून दर नारळी पुनवेला, दर्याला नैवेद्य दाखवून झाला की पहिलं ताट घेऊन ती त्याच्या दारात यायची. तोही पोटभर खायचा. दर्याला दाखवला म्हणून भात काही बाटत नाही, याबद्दल त्याला कधी शंका नव्हती.

आजही नव्हती. पण आज ओसरीवर निकेत बसला होता.

निकेत तीन महिन्यांपूर्वीपर्यंत भगत होता. त्याच्या अंगात देवी यायची, लांबलांबून माणसं येऊन रांग लावायची. ते सगळं सोडून तो प्रार्थनेला येऊ लागला, पण भीती सुटली नव्हती. नैवेद्याचा एक घास पोटात गेला की देवी पुन्हा अंगात शिरेल, असं त्याला वाटे. लांब कुठे ढोल वाजला तरी तो कान झाकून घेई. आणि शिवदासभाऊ करतील तेच तो डोळे मिटून करणार. शिवदासने खाल्लं असतं तर त्यानेही खाल्लं असतं, आणि त्या धसक्याने उद्या पुन्हा देवीच्या पाटावर जाऊन बसला असता.

"देवाला दाखवलेलं चालत न्हाय का आता तुला?" कमळने विचारलं.

चालतं, असं शिवदासच्या अगदी ओठावर आलं. पण मग खरं कारणही सांगावं लागलं असतं. भगतच घाबरतो म्हटल्यावर कोळीवाड्याने हसून हसून निकेतला जगणं नकोसं केलं असतं. शिवदास गप्प राहिला. कमळने ताट पदराखाली झाकलं आणि ती निघून गेली.

वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. बाजारात समोर आला तरी म्हावऱ्याच्या टोपलीत बघत बसायची. म्हातारपणी शिवदासच्या डोक्यात धर्म गेला, असं लोक म्हणाले. त्याने तेही गिळलं. निकेतला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. ताट आपल्यासाठी नाकारलं, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, फक्त बोलायचा धीर होत नव्हता.

यंदाच्या पुनवेला कमळ भरदुपारीच दारात उभी राहिली. किनाऱ्यावर अजून ढोलही सुरू झाले नव्हते. शिवदास आणि निकेत ओसरीवर जाळं सांधत होते. तिने ताट शिवदासपुढे ठेवलं. त्याचा हात मागे गेला.

"भिऊ नको. दर्याला अजून भात दाखवला न्हाय. पयला तुझा काढला." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "उद्या माझी दोन्ही पोरं होडीवर जातील. खा लवकर."

गेल्या वर्षी शिवदास एक शब्द बोलला नाही म्हणून या बाईने आपल्या दोन पोरांचे जीव पणाला लावले होते. तिच्या लेखी तरी तसंच होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

निकेत उठला. दर्याच्या आधी घरात कुणी जेवलं, की दर्या होडीवरचा माणूस नेईल या भीतीने त्या घरच्या बाया रडत त्याच्याकडेच यायच्या. कमळने आज काय केलं, ते तिथे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने ताट उचललं आणि कमळच्या हातात परत दिलं.

"मावशी, जा, आधी दर्याला दाखवून ये," तो म्हणाला. "मग हिकडं आण. भाऊंच्या आधी मी खातो."