पुसलेली नोंद

"रक्त गोठत नाही हो तिचं!" कुमुदिनीने डॉक्टर बागवानांचा हातच धरला. "पोट उघडण्याआधी ते इंजेक्शन द्यावंच लागेल."

स्ट्रेचरवर तिची लेक ऋजुता बेशुद्ध पडली होती. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावत होते.

"नोंदीत तसं काहीच नाही, काकू. आणि नोंदीत आजार नसेल, तर औषधाचं कपाट उघडतच नाही. तपासून नव्याने नोंदवायला दोन तास जातील."

"मीच पुसायला लावला तो आजार नोंदीतून." मागे विहीणबाई ऐकत उभ्या होत्या, पण आता लपवून काय उपयोग? "आरोग्यपत्रिका बघून तीन स्थळं परत गेली होती हो!"

पुसलेलं परत आणता येत होतं. त्यासाठी रुग्णाच्या स्वतःच्या आवाजातला होकार लागे. आईचा नाही, नवऱ्याचाही नाही. खासगी माहितीचा कायदाच तसा होता.

"दहा मिनिटं आहेत," डॉक्टर म्हणाले.

कुमुदिनी लेकीच्या कानाशी वाकली. दोन वर्षांपूर्वी नोंद पुसताना ऋजुता रडत नको नको म्हणत होती. तेव्हाही ती अशीच वाकली होती आणि हेच म्हणाली होती.

"हो म्हण गं, बाळा. एकदाच हो म्हण."