पोपटाशी चार शब्द

"बसा मावशी. पोपट इचारते, तुमी सांगायचं. बस्स," कार्टून बनवणाऱ्या कंपनीचा राजकुमार म्हणाला आणि दार ओढून घेऊन बाहेर गेला. तो निर्मल शहराकडचा माणूस, गावात कोण कुणाचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

तेलंगणातल्या नार्नूरजवळच्या शाळेतली ती खोली. समोर मोठा टीव्ही, त्यावर हिरवा पोपट आणि टीव्हीच्या मागे आडवा पडदा. विमलबाईंचं लक्ष पोपटाकडे नव्हतंच. पडद्यामागे आपली लेक सुनयना बसते, हे शेजारच्या बयनाबाईने पहिल्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं.

"लेकरं बोलतात ते आयकून सुनी आतून बटन दाबते, अन् पोपट जबाब देते. मोठ्या माणसायलेही बोलावलं. ‘मायले पाठवा’ म्हणे सुनी."

सहा वर्षांपूर्वी सुनयना कार्टून शिकायला हैदराबादला निघाली, तेव्हा याच विमलबाई कडाडल्या होत्या, "चित्रं नाचवून पोट भरते काय? गेली तं परत तोंड दाखवू नको!" पोरगी गेली. तोंड दाखवलं नाही, फोनही नाही. आणि बाई अशी हट्टी, की निरोप मिळूनही चार दिवस कापूस वेचायचं निमित्त काढून बसली. आज मात्र राहवलं नाही.

"नमस्कार! तुमचं नाव काय?" पोपटाने विचारलं.

"तुले मालूम नाही काय?"

पोपटाने मान डोलावली. "वा! किती छान नाव!"

विमलबाईंना हसूच फुटलं. कार्टी अजून तशीच चेष्टेखोर! जिवाला थोडं बरं वाटलं.

"आज तुम्हाला कसं वाटतंय?"

"कसं वाटन?" बाईंनी पदर मुठीत धरला. "वाईट वाटते. ताटावर बसलं की तुयी आठवण येते. तवा मायं डोकं फिरलं होतं. तुयी हौस मले समजलीच नाही. चुकलं मायं, सुनी."

पडदा हलला. पंख्याने हलला असेल, पण विमलबाई पुढे सरकल्या.

"अस्सं? अजून सांगा ना. मी ऐकतोय."

"अजून काय सांगू? तोंड दाखवू नको म्हनलं, तं खरंच पडद्यामागं बसली! काऊन एवढा राग? सोड आता, बाई."

"आता आपण जेवणाबद्दल बोलू! माझ्यासाठी काय बनवाल?"

"ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी. भरपूर लसूण घालून, तुले आवडते तशी. येशीन ना घरी?"

"अरे वा! मी नक्की येणार!" पोपटाने पंख फडफडवले.

विमलबाई हमसून हमसून रडल्या. उठून पडदा सारावा असं फार वाटलं. पण नको, लेकीचं काम चालू आहे, बाहेर माणसं बसलीत. घरी आली की पोटाशी धरू.

डोळे पुसत त्या बाहेर आल्या. राजकुमार दारातच होता.

"तिले सांगा, घाई नको करू म्हना. काम आटपून ये. माय वाट पाहून राह्यली."

"कोणाले, मावशी?"

"मायी लेक वो. पडद्यामागं बसली ते."



"मॅडम तं काल सांजच्याले हैदराबादच्या गाडीत बसल्या. चार दिवस सोता बसल्या आत, रोज शेवटचं माणूस जाईपर्यंत. आजपासून आत कोणी नाही, कंपुटरवर पोपट आपल्या मनानंच बोलते."