काळा रंग चहाडखोर

थुंकीच होती ती!

धाकट्यानं बोनेटवरचा पांढरा ठिपका नखानं खरवडला, नाकाशी नेला आणि बोट झटकलं. शी! शी! शी! कुणाच्या तरी तोंडातली घाण. वाळून पापुद्रा धरलेली. वर पेस्टचा गोडूस वास आणि त्याच्याखाली काहीतरी आंबूस. एक ठिपका नाही, चांगले सात-आठ. आणि कशावर? तर कालच धुतलेल्या, आत बसलं की अजून शोरूमचा वास येणाऱ्या, कोऱ्या करकरीत काळ्या गाडीवर!

"अहो, एखाद्या पाखरानं केलं असेल," बायको दारातून म्हणाली.

"पाखरं दात घासतात का?"

बायको म्हणाली, "बरं, ते भोकाचं बनियन तरी काढा अंगातलं. फडकं करून देते पुसायला."

"बनियननं? ओरखडे पाडायचेत का मला?"

कारण गाडी पुसायची म्हणजे सोपं काम नव्हतं राव. दोन बादल्या लागायच्या. एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची. कापड कसं, तर बाळाच्या लंगोटापेक्षा मऊ. हात सरळ फिरवायचा, गोल नाही. ऊन चढायच्या आत धुवायची, पाण्याचा थेंब वाळायच्या आत टिपायची आणि मग वॅक्स. कोटिंगवाल्यानं बजावूनच ठेवलं होतं, "साहेब, काळा रंग म्हणजे एक नंबरचा चहाडखोर. काही म्हणजे काही लपवत नाही. पण नीट जपलात ना, तर तोंड दिसेल त्यात."

धाकटा जपत होता, जिवापाड. गाडी सतत नजरेसमोर राहावी म्हणून घराशेजारचं माजलेलं रान त्यानं साफ केलं. वर्षानुवर्षं तिथं पाऊल टाकायला कुणी धजलं नव्हतं. त्यानं तिथं लादी घातली आणि बरोब्बर आपल्या गॅलरीखाली गाडी लावली. सकाळी उठलं की पहिलं दर्शन गाडीचं! आणि त्या गाडीवर रोज कुणीतरी थुंकत होतं. रोज!

कुणीतरी म्हणजे कोण? त्याच्या गॅलरीच्या वर एकच गॅलरी होती. थोरल्या भावाची.

झालं. तो तणतणत जिना चढला. थोरला खुर्चीत पेपर वाचत होता.

"दादा, जळतं ना तुमचं? मग तोंडावर बोला. वरून थुंकता कसले? लाज नाही वाटत? किळस नाही येत?"

वहिनी हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली. "भावजी, जिभेला काही हाड? तुमची थुंकी झेलायला बसलोय का आम्ही इथं?"

थोरल्यानं पेपर खाली ठेवला. आवाज चढवला नाही. उलट इतका खाली आणला की वहिनीलासुद्धा कान द्यावा लागला.

"अरे, तुझा शेंबूड पुसलाय मी या हातानं. मी थुंकेन तुझ्या गाडीवर?"

"मग आभाळ थुंकतंय वाटतं!"

थोरला उठला. गॅलरीचं दार ओढून घेतलं, कुलूप घातलं आणि किल्ली धाकट्याच्या हातात दिली. "एकच आहे. ठेव तुझ्याजवळ. आणि आम्ही दुसरीकडे जागा बघतो. ज्या घरात मी थुंकणारा ठरलो, त्या घरात पाणी नको मला."

दुसऱ्या दिवशी गाडीवर ठिपके होतेच.

किल्ली खिशात आणि ठिपके बोनेटवर! धाकट्याचं डोकंच फिरलं. म्हणजे दुसरी किल्ली आहे! खोटारडे! वर तोंड करून शपथा घेतात! त्यानं ते ठिपके पुसले, कापड फेकून दिलं, साबणानं तीनदा हात धुतले, तरी बोटांना वास येतोय असंच त्याला वाटत राहिलं. जेवण जाईना. मग चिडून चिडून त्यानं बोनेट असं काही चमकवलं, असं चमकवलं की ढगसुद्धा त्यात बघून केस विंचरतील.

पुढच्या सकाळी तो पाळतीवरच बसला. उठला तसा गॅलरीत, अंगात तेच बनियन, तोंडात ब्रश. वर खोकी ओढल्याचे आवाज येत होते. वहिनीची भांडी बांधून होत आली होती. बायको आत डोळे पुसत होती. म्हणाली, "अजून वेळ आहे. वर जा, दोन शब्द बोला." यानं ब्रश हलवूनच नाही म्हटलं. आधी चोर पकडायचा, रंगेहाथ, मग बोलायचं काय ते.

तो कठड्यावरून वाकला. खाली बोनेट नुसतं लखलखत होतं. आरसा झक मारेल! त्यात आभाळ दिसत होतं, तारा दिसत होत्या, गॅलरीचा कठडा दिसत होता.

आणि कठड्यावरून ओणवलेला एक माणूस!

हाच तो! गालफडं फुगलेली. ओठांच्या कडांतून फेस गळतोय. हनुवटीवर ओघळ. आणि नजर बरोब्बर गाडीवर! इतकं किळसवाणं ध्यान त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. सापडला! आता अख्खी गल्ली गोळा करायची. "दादा, बघितलं तुमचं तोंड!" असं ओरडायचं की तिन्ही मजले हादरले पाहिजेत.

पण ओरडायला तोंड मोकळं हवं ना. धाकट्यानं, लहानपणापासून रोज करायचा तसंच, कठड्यावरून पिचकन ते मोकळं केलं.

खाली, भोकाचं बनियन घातलेल्या त्या माणसाच्या बरोब्बर तोंडावर.