देश नावाची सवत

युद्ध सुरू झाल्यापासून सरकारी प्रवक्त्यांच्या गळ्यात सत्ययंत्र बसवलेलं असे. कॅमेऱ्यासमोर ते चालू झालं की खोटं बोलताच येत नसे, नि विचारलेलं टाळताही येत नसे. इंधन खात्याचे प्रवक्ते अच्युत केळशीकर रोज देशाला तेलाचा खप नि उरलेला साठा खराखुरा सांगत. घरी मात्र यंत्र बंद. "आपला निनाद आघाडीवर मजेत आहे," एवढंच ते मुलाबद्दल बायकोला, मृदुलाला, सांगत.

नवरा खरं बोलतो ते फक्त देशाशीच, म्हणून मृदुला देशावर जळायची. शेवटी ती पत्रकारांमध्ये जाऊन उभी राहिली.

"अहो, आपल्या निनादच्या रणगाड्याला डिझेल पोचतंय का?"

अच्युतरावांनी ओठ मिटून पाहिले. "नाही. ते आम्ही शहरांना दिलं."

पोटच्या मुलाची खबर अख्ख्या देशाला मृदुलाबरोबरच कळली होती, आणि तिला ती वाटणीही सोसवेना.